हाताची वाटी

१५ जानेवारी, जालना

काल साऱ्या गल्लीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणून सांगितलं, आणि आज सकाळी स्वतःच्याच घरात भांडण.

मी पलंगावर पालथी, डोकं खाली, गजानन पाठ थोपटत होता. मी म्हणाले, "वीस तारखेला निघते." त्याचा हात थांबला.

"कुठं?"

"सायकलवर. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, आणि वाटूरवरून परत."

"तुला कळून राह्यलं का तू काय बोलून राह्यली? गांधी चमनपर्यंत चालत गेली तरी दोनदा थांबती तू."

"म्हणून तर सायकलवर चालले. चालत कोण चाललंय?"

गजानन म्हणजे माझा नवरा. वीज मंडळातून रिटायर. बोलणं कमी, हूं जास्त. घरात मी त्याला अहो म्हणते, चारचौघांत 'हे'. पण ही डायरी माझी आहे. इथं नावानंच आणि एकेरीच. सुहासिनीबाईंनी, म्हणजे मी, एवढी तरी मजा करावी.

पाठ थोपटायचं कारण म्हणजे माझी फुफ्फुसं. लहानपणच्या आजारात आतल्या नळ्या सैल पडल्या त्या पडल्याच, आणि त्यात कफ साचतो. गोळ्या आहेत, पंप आहे, पण खरा इलाज एकच. रोज सकाळी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावायच्या, मी डोकं खाली करून पडायचं, दुसऱ्या कुणी हाताची वाटी करून खालून वर पाठ थोपटायची, मग मी खोकून खोकून सगळं बाहेर काढायचं. न काढलं तर आठवडाभरात ताप आणि दवाखाना. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे गजाननाला कळलं. तेव्हापासून त्यानं मला गजरा एकदाही आणला नाही, पाठ मात्र कधी चुकवली नाही.

आता सायकलीचं खूळ कशाला? तर चांगुणाबाईमुळे. मंठ्याकडच्या खेड्यातली ही बाई दिवाळीच्या आधीपासून छातीच्या वॉर्डात पडून आहे. माझ्या तपासणीच्या दिवशी आमच्या गप्पा होतात. तिला घरी सोडायला डॉक्टर तयार आहेत, पण घरी ऑक्सिजनची मशीन पाहिजे, आणि ती नाही. "बाई, माझी म्हैस व्याली, म्या अजून रेडकू पाह्यलं न्हाई," म्हणते आणि भिंतीकडं तोंड करते. आणि इकडं कोरोनात घेतलेल्या मशिनी जिल्हाभर कपाटांत चादरी पांघरून पडल्यात! त्या गोळा करायच्या, ज्याला गरज त्याला फुकट वापरायला द्यायच्या. फोन केले तर लोक "बघतो बघतो" म्हणतात. जीपनं गेलं तर चहा पाजून वाटेला लावतात. पण दमेकरी बाई सायकल मारत दारात आली की कपाट उघडावंच लागतं.

वॉर्डातल्या डॉ. कल्याणींनी परवानगी दिली, पण अट घातली. कफाचा रंग बदलला किंवा रक्त दिसलं की सायकल बंद.

गजाननाची अट आणखी सोपी. "मी येणार न्हाई. फोन करणार न्हाई. पाठ कोण थोपटणार तिथं, ते तुझं तू पाह्य."

बरं. पाह्यते.

२० जानेवारी, अंबड

पोचले. आई गं, पोचले!

निघताना गजानन फाटकाशी उकिडवा बसून टायर दाबत होता. दोन्ही चाकांची हवा बघितली, ब्रेक बघितले, माझ्या तोंडाकडं काही बघितलं नाही. "येते," म्हणाले. "हूं," म्हणाला. मुक्कामाच्या घरांचे नंबर त्याच्या हातात दिले, काही झालं तर असावेत म्हणून. ते त्यानं वाण्याची चिठ्ठी कोंबावी तसे खिशात कोंबले. इतका राग आला की गांधी चमनपर्यंत मी न थांबता गेले. रागाचा असाही फायदा असतो.

मागं तातेराव, माझा चुलतभाऊ, त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन. मशिनी त्यात टाकायच्या. माणूस प्रेमळ, पण तोंडाला विश्रांती नाही. "ताई, तुझ्या मागं चालवून चालवून माझी गाडी पहिला गिअर सोडून बाकीचे विसरली बघ," असं खिडकीतून ओरडत होता. उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत गेले की मी उतरायची, ओढणी नाकाला, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायची, मग पुन्हा पायडल. किती वेळा उतरले ते मोजलं नाही. मोजलं असतं तर परत गेले असते.

मुक्काम सुरुचीकडं. मी पंचायत समितीत बचत गटांचं काम बघायची तेव्हाची ही पोरगी, आता गटाची अध्यक्ष आहे. आत गेले तर पलंगाच्या पायथ्याखाली विटा आधीच लावलेल्या! शेजारी तस्त, गरम पाणी, मीठ. मी तातेरावाकडं बघितलं. "तू सांगितलंस?" तो टोपी सारखी करत नुसता हसला. किती गुणाचा माणूस, आणि मी त्याला येडा समजत होते.

२१ जानेवारी, अंबड

आज सकाळची नवलाई लिहूनच ठेवते. मी सुरुचीला थोपटायचं शिकवायला तोंड उघडलं, तोवर तिनं हाताची वाटी करून सुरूही केलं. मणका सोडून, खालून वर. पहिल्याच ठोक्याला तो पोकळ आवाज आला, जो यायला गजाननाला सहा महिने लागले होते! मी विचारलं, "कुठं शिकलीस गं?" तर ती लाजून म्हणाली, "असंच." बाईचा हात तो बाईचा हात. लेकरांच्या ढेकरा काढून काढून तयार झालेला असतो. बराबर सगळा कफ निघाला. मोकळी मोकळी झाले.

ही फुशारकी मारायला गजाननाला फोन लावला. व्यस्त. तासाभरानं लावला, व्यस्त. माझ्याशी आयुष्यात पाच मिनिटं फोनवर बोलला नाही, आता कुणाशी एवढं चाललंय देव जाणे.

२२ जानेवारी, अंबड

सुरुचीकडं हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत घरोघर चालूच आहे, म्हणून तर मी हेच दिवस धरले. बायका वाण लुटत होत्या, डबे, गाळण्या, रुमाल. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "मला हे नको. कोरोनातली मशीन ज्यांच्या घरी पडलीय त्यांनी मला तेच वाण द्यावं." मग मागून एक म्हातारी उठली. "माझ्या मालकासाठी आणल्ती. ते गेले. मला तिच्याकडं बघवत न्हाई. घिऊन जा बाई, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." सगळ्या रडल्या. मीही रडले, आणि रडताना खोकले, आणि खोकताना सगळ्यांना घाबरवलं.

तातेराव तसाच मशीन घेऊन जालन्याला गेला. डॉ. कल्याणींनी तपासली, चालते आहे म्हणाल्या, आणि चांगुणाबाईचं नाव त्यावर पडलं. परवा तिला घरी सोडणार! तातेराव परत आला तो नवीन वाफेची किटली घेऊन. "कुठून रे?" "हाय आपली, घरी पडून होती." खोक्याची चिकटपट्टीसुद्धा अजून निघालेली नव्हती. हा माणूस नवीन वस्तू घरी पाडून ठेवतो म्हणजे कमाल आहे. गजानन भेटला का विचारलं तर म्हणाला, "दाजी? हां, दिसले लांबून."

लांबून! हात तरी हलवला असेल का?

२४ जानेवारी, घनसावंगी

वारा तोंडावर. एक चढ चालत, एक चढ बसून. ज्यांच्याकडं मशीन आहे म्हणून गेलो त्यांनी तिच्यावर टीव्ही ठेवलाय. "टीव्ही खाली ठिवला की मान दुखती," म्हणे. मी त्यांना दम कसा लागतो ते नुसतं दारात उभं राहून दाखवलं. दाखवायची गरज नव्हती म्हणा, लागलेलाच होता. टीव्ही खाली आला.

इथंही विटा. इथंही हात एकदम बराबर. मी तर म्हणते, सरकारनं या बायकांना दवाखान्यात नोकऱ्या द्याव्यात.

२६ जानेवारी, परतूर

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं. मास्तरांनी माझी ओळख करून देताना मला इतकी शूर केली की मलाच माझी भीती वाटली. दोन मशिनी मिळाल्या. एकीत उंदरानं संसार केलाय, पण तातेराव म्हणतो दुरुस्त होईल.

गजाननाचा फोन नाही. माझाही नाही. बघू कोण थकतं.

२९ जानेवारी, वाटूर

दोन दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखी नव्हतेच.

परवा वाटूर फाट्यावर पोरांनी माझं स्वागत केलं. काय स्वागत! हलगी, फटाक्यांची माळ, आणि पाटीभर गुलाल. निवडून आलेल्या माणसाला काय करतील तेच त्यांनी मला केलं. प्रेमानं केलं हो, बिलकुल प्रेमानं. एकानं तर माझ्या डोक्यावरून दोन्ही मुठी ओतल्या. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तो सगळा आत गेला.

पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. सायकल पडली. छाती लोखंडाची झाली, आत जाईना, बाहेर येईना. पोरांना वाटलं बाई नाचून राह्यली, हलगी आणखी जोरात. मग साळूबाई गर्दीत घुसली. माझा मुक्काम तिच्याकडंच ठरलेला होता. तिनं हलगीवाल्याच्या हातातली काडी हिसकली, ओला पदर माझ्या तोंडावर धरला आणि मला ओढतच घरात नेलं. तातेरावानं गाडीतली एक मशीन खाली काढली, साळूबाईनं तिच्या फ्रिजची पिन उपसून तिथं मशीन लावली. लोकांसाठी गोळा केलेली मशीन, आणि पहिला श्वास मीच घेतला. नाकात नळी, आणि डोक्यात एकच विचार, चांगुणाबाईला रोज असं वाटतं.

संध्याकाळी ती पोरं दारात. कानापर्यंत गुलाल आणि चेहरे पडलेले. पुढारी होता त्याचं नाव सुयश. "मावशी, चूक झाली. आम्हाला म्हायतीच न्हाई. पाहुणा आला की आम्ही हेच करतो."

"आता माहीत झालं ना? मग ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत दोन मशिनी पडल्यात म्हणे. त्या पुसून आणा. गुलाल न लावता."

आणल्या. एकीला गजरा बांधला होता तो मी काढू दिला नाही.

डॉ. कल्याणींनी फोनवर खोकला ऐकला, दोन दिवस आराम सांगितला, मग हळू हळू पुढं जा म्हणाल्या. साळूबाई सकाळ-संध्याकाळ थोपटते. म्हैस धुतल्यासारखी थोपटते, पण वाटी पक्की. मी मेले का जगले विचारायला घरून फोन नाही. काल न राहवून मीच लावला. व्यस्त! उशीत तोंड घालून रडले. डायरीत खोटं कशाला लिहू? रागापेक्षा ओढ जास्त होती त्यात.

३१ जानेवारी, मंठा

आजचा दिवस सोन्याचा. वाटूर ते मंठा, वाटेत दोन गावं लागली, दोन्ही ठिकाणी लोक वेशीत उभे, पण गुलाल नाही, फटाका नाही, आणि रस्त्यावर चक्क पाणी शिंपडलेलं! धुळीचा कण उठला नाही. औक्षणाच्या ताटात उदबत्तीसुद्धा नाही. वाटूरची बातमी पसरली असणार.

मंठ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. बाकावर एक म्हातारा बिडी ओढत होता, मला बघून त्यानं ती दगडावर चिरडली. हॉटेलवाल्यानं चुलीत घातलेलं ओलं लाकूड बाहेर ओढलं. मी म्हणाले, "अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"फोन आल्ता की सकाळी. जालन्याहून. सायब होते कुणी तरी. म्हणले, बाई यायलीय, धूर करू नका."

"कुठले साहेब?"

"ते न्हाई म्हायती. आवाज जरा तापट होता."

आरोग्य खात्याचे असणार. मी आयुष्यभर सरकारी ऑफिसात काढलं, सरकार एवढं जागं असतं हे मला आज कळलं. परत गेल्यावर आभाराचं पत्र टाकते.

१ फेब्रुवारी, मंठा

चांगुणाबाईच्या गावी जाऊन आले.

मशीन घरात घुमत होती आणि नळी उंबऱ्यातून बाहेर अंगणात आलेली. नळीच्या टोकाला चांगुणाबाई बाजेवर बसलेली आणि समोर म्हैस. रेडकू तिच्या मांडीत डोकं घुसळत होतं. मला बघून म्हणाली, "आली का गं सायकलवाली! वॉर्डात तर जिना चढताना भिंत धरत होती."

"तू पण तर भिंतीकडं तोंड करून पडायची."

"आता म्हशीकडं करून पडती."

तिनं मला खरवस खाऊ घातला. गावात दुसरी म्हैस व्याली होती, त्यांच्याकडून मागून आणलेला. तिच्या म्हशीचा संपून गेल्ता, पण मला द्यायचाच म्हणून तिनं लेकीला घरोघर पिटाळलं होतं. निघताना तिनं माझा हात धरला आणि सोडेना. आम्ही दोघी नुसत्या श्वास घेत बसलो. श्वास घेणं एवढीच गोष्ट, आणि ती आम्हाला एकमेकींजवळ बसून घेता आली. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या एवढी उपयोगी पडले नव्हते. देवा, तुझे उपकार. आता फक्त घर गाठायचं राहिलं. ही फेरी मला सायकलवरच पुरी करायची आहे. जालन्यात छोट्या हत्तीत बसून शिरले तर गजानन जन्मभर हूं म्हणेल.

३ फेब्रुवारी, रामनगर

काल वाटूरला साळूबाईकडं राहून आज रामनगरला आले. जालना आता एका सकाळच्या अंतरावर.

मुक्काम केशरबाईकडं. पंचायत समितीच्या काळातली माझी मैत्रीण, जयभीम म्हणून कडकडून भेटली. संध्याकाळी थोपटून घेतलं आणि खोकले, तर तस्तात रक्त. थोडंसंच. लाल दोऱ्यासारखं. पटकन वर पाणी ओतलं. केशरबाई मागं वळली होती, तिनं पाहिलं नसावं.

डॉक्टरांची अट मला पाठ आहे. पण एक सकाळ, फक्त एक सकाळ. एवढ्याशा दोऱ्यासाठी सगळं सोडायचं? उद्या घरी पोचले की सांगेन. तातेरावाला बोलले नाही. बोलले तर तो उद्या मला गाडीत कोंबेल.

भीती वाटून राह्यली. इथं लिहिते, कुठं तरी लिहायला पाहिजे.

५ फेब्रुवारी, जालना

कालचं सगळं नीट लिहिते.

सकाळी डोळा उघडला तर केशरबाईच्या ओसरीत गजानन. पहिल्या एसटीनं आलेला, स्वेटर उलटा, हातात औषधाची पिशवी. मला वाटलं आता फटाके फुटणार, वाटूरपेक्षा मोठे. त्यानं पिशवीतनं गोळी काढली, "डॉक्टरनं दिली. आता घे. आज सायकल बंद. संध्याकाळी दाखवायला जायचंय," एवढंच. मग विटा बघितल्या, एक सरकली होती ती सारखी केली, आणि पलंगाकडं बोट दाखवलं.

मी पालथी पडले. डोकं खाली असलं की मला फक्त लोकांचे पाय दिसतात. त्याचे पाय पलंगाशी, केशरबाईचे दाराशी. त्याचा हात पाठीवर पडला, आज अगदी हलका, आणि केशरबाईचे पाय जवळ आले.

"म्या बी अस्संच करत होते का न्हाई भाऊ? तुम्ही म्हणले उशीवर मारून दाखवा, आवाज ऐकू द्या. चारदा नापास केलं की मला! म्हणले चपटा वाजून राह्यला, पोकळ वाजू द्या. साळूबाईला तर रडवलं म्हणे तुम्ही."

त्याचा हात थांबला. "चहा ठेवा ताई," म्हणाला.

"ठिवते की. आन् काल ते लाल दिसलं म्हणून लगेच फोन केला म्या. केला ते बरं केलं ना?"

"चहा ठेवा."

हात पुन्हा सुरू झाला. मी खाली डोकं घालून पडले होते आणि एकेक घर माझ्यासमोरून जात होतं. सुरुचीच्या विटा. घनसावंगीचं गरम पाणी. नवी किटली. रस्त्यावरचं पाणी, विझवलेली बिडी, तापट आवाजाचा साहेब. आरोग्य खातं म्हणे! किती मूर्ख बाई आहे मी. फोन न करण्याची शपथ घेतलेला हा माणूस जालन्यात बसून दिवस-दिवस फोनवर उशांचे आवाज ऐकत होता. उलटं डोकं असलं की डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत जातं. ते कुणाला दिसत नाही हे चांगलंच आहे.

तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो एसटीनं परत गेला असता.

मग मात्र मी रडले, उघड, सायकलकडं बघून. "एवढ्या जवळ येऊन राहिलंच," म्हणाले. गजाननानं चहा संपवला, पँट मोज्यात खोचली, आणि भिंतीला टेकवलेली माझी लेडीज सायकल काढली.

"दाजी, काय करून राह्यले तुम्ही?" तातेराव.

"हिची फेरी जालन्यापर्यंत सांगितलेली आहे ना लोकांना?" म्हणाला. "सायकल जालन्यापर्यंत जाईल."

रिटायर झाल्यापासून हा माणूस दूध आणायलाही स्कूटर काढतो. पोट पुढं, गुडघे हँडलला लागतायत, पहिल्यांदा बसला तो केशरबाईच्या कोंबड्यांत गेला. मी छोट्या हत्तीत पुढं बसले, नाकात नळी नव्हती पण मागं सगळ्या मशिनी होत्या, आणि काच खाली करून सगळा रस्ता त्याला सांगत होते. "अहो, ओठांचा चंबू करा! नाकानं घ्या, तोंडानं हळू सोडा! उतरा, चढ आहे, लाज कसली?" तो लाल झाला होता. उत्तर द्यायला श्वास नव्हता. लग्नापासून पहिल्यांदा त्याच्याकडं हूं सुद्धा शिल्लक नव्हतं.

एका फाट्यावर बायका ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हा घामाघूम माणूस थांबला. त्यांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, "दमेकरी तुम्हीच का?" तातेराव स्टिअरिंगवर डोकं आपटून हसला. त्यांनी गजाननालाच ओवाळलं. तो नवरदेवासारखा मान खाली घालून उभा राहिला आणि सुपारी खिशात ठेवली.

जालन्यात शिरताना तो उतरला नाही. मी बघत होते, पाय कापत होते, तरी उतरला नाही. फाटकाशी आल्यावर सायकल माझ्याकडं दिली आणि पायरीवर बसला, बराच वेळ.

संध्याकाळी डॉ. कल्याणी मला खूप बोलल्या. बरोबर बोलल्या. आत थोडा संसर्ग आहे, रक्त लवकर थांबेल, पण मी लपवलं ते चूक. गजाननाला म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुमचा श्वास का लागलाय?"

"वय," म्हणाला.

९ फेब्रुवारी, जालना

रक्त थांबलं. ताप नाही. काल आणखी दोघांनी घरी आणून मशिनी दिल्या. वॉर्डातला एक बस कंडक्टर आज आपल्या घरी निजेल. किती लोकांचे आभार मानू? ज्या घरांत मी पालथी पडले त्या प्रत्येक घराला फोन केला. सगळ्या हसल्या. सगळ्यांना वाटत होतं मला माहीत आहे.

उरला एक. त्याला कसं सांगायचं तेच समजेना. चार दिवस तोंडाशी आलेलं गिळत होते. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला हा त्रास काय असतो ते बोलघेवड्यांनाच कळेल.

आज सकाळी त्यानं विटा लावल्या. मी पालथी पडले. हात सुरू झाला, तो आवाज, खालून वर. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्याला दिसत नव्हतं, म्हणून धीर झाला.

म्हणाले, "अहो, मला सगळं कळलंय. फोनचं. उशांचं. तुम्ही नसता तर मी अंबडलासुद्धा पोचले नसते. मी जिवंत आहे ती तुमच्या या हातानं आहे, आणि हे मी कधीच म्हणाले नाही. आज म्हणते. फार केलंत हो तुम्ही माझ्यासाठी."

हात थांबला. मागं नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून बघायला गेले, तर त्यानं माझं डोकं धरून पुन्हा खाली केलं.

"बोलू नको," म्हणाला. "खोक."